होमस्कूलिंगचा गट, लस न दिलेली मुलं आणि घरातलं तान्हं बाळ

रानजाई

आम्ही पुण्यात राहतो. थोरला सात वर्षांचा, शाळेत जात नाही, घरीच शिकतो. का, कसं आणि "पुढे दहावीचं काय" यावर इथे दोन धागे आधीच वाहून गेलेत, तेव्हा कृपया ते इथे नको. प्रश्न वेगळा आहे.

घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा आमचा एक गट आहे. आठवड्यातून एकदा मुलं जमतात. कधी टेकडी, कधी कुणाची गच्ची, कधी मातीकाम, बरेचदा नुसता धिंगाणा. मुलाचा त्या दिवसावर भयंकर जीव. गप्पांमध्ये नुकतंच कळलं की गटातल्या दोन घरांनी मुलांना एकही लस दिलेली नाही. आणखी एका घराने बीसीजी आणि पोलिओनंतर थांबवलं. माणसं उत्तम आहेत, माझ्या बाळंतपणात महिनाभर डबे याच लोकांनी पोचवले.

बाळंतपण म्हणजे, घरात आता चार महिन्यांची मुलगी आहे. तिला गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळणार. तोपर्यंत काय करू? गटात जाणं थांबवू? सगळ्यांना कार्डं दाखवा म्हणू? नवरा म्हणतो, "सगळ्यांना एकच नियम नको म्हणून शाळा सोडली, आणि आता तूच गेटवर उभी राहून दाखले तपासणार का?" त्याचं अगदीच चूक आहे असंही वाटत नाही.

तिरकस

रुमाल टाकून ठेवतो. शंभरी नक्की.

भातुकली

एकही नाही? पोलिओसुद्धा नाही? पल्स पोलिओवाल्या ताई तर आमच्या सोसायटीत लिफ्टपाशी उभ्या राहून मुलांना पकडायच्या. शनिवारी रात्री झोपलेल्याला उठवून डोस देईन म्हणायच्या.

मी तर सरळ गट सोडला असता. मैत्री आपल्या जागी, बाळ आपल्या जागी.

खडू_फळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे विरुद्ध बाजूने लिहितो. शाळेत आलेल्या सगळ्या मुलांच्या लसी झालेल्या असतात असं समजू नका. प्रवेशाला आम्ही जन्मदाखला आणि आधार मागतो, लसीचं कार्ड पाहून कुणाला परत पाठवलेलं मला आठवत नाही. त्यामुळे "शाळेत असता तर हा धोका नव्हता" हे खरं नाही.

फरक दुसरीकडे पडतो. शाळेत आरोग्य पथक येतं, जंताच्या गोळ्या वाटल्या जातात, दहा आणि सोळा वर्षांच्या टीडीसाठी (धनुर्वात-घटसर्पाची लस) मुलं रांगेत उभी केली जातात. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम आली, नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्यांना. ती बहुतांश शाळांतूनच झाली. वर्गातली पोरं बाह्या सरसावून बसली होती आणि सगळ्यात मोठ्याने रडला तो वर्गाचा मॉनिटर. घरी शिकणारी मुलं त्या यादीत नव्हतीच. त्यांच्या आईबापांनी लक्ष ठेवून केंद्रावर नेलं असेल तरच.

ओसरी

रानजाई, तुमच्या गटात मी नाही, पण तुम्ही लिहिलेल्या "त्या दोन घरां"सारखंच आमचंही घर आहे. नाशिकजवळ राहतो, मुलं दहा आणि सहा. लस दिलेली नाही. इथे शिव्या पडणार हे माहीत असून लिहितोय, कारण आमच्याबद्दल बोलताना आम्ही खोलीत नाही असं समजून लोक बोलतात.

व्हॉट्सॅप वाचून ठरवलेलं नाही. १९५५ साली अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीत जिवंत विषाणू राहिले आणि मुलं पांगळी झाली. १९९९ साली रोटाव्हायरसची (जुलाब करणारा विषाणू) पहिली लस आतड्याच्या गुंतागुंतीमुळे मागे घेतली. जपानने १९९३ मध्ये एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस) थांबवली. यातलं काहीही खोटं नाही. मी हे तीन डॉक्टरांना विचारलं. एकाने घड्याळाकडे पाहिलं, एक म्हणाले "तुम्ही डॉक्टर आहात का?" आणि तिसऱ्यांनी बायकोला बाजूला घेऊन "मिस्टर जरा असेच आहेत का" असं विचारलं. शाळेतही आम्हाला अशीच उत्तरं मिळायची. म्हणून दोन्हीतून बाहेर पडलो.

आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येत नाही.

तिरकस

शंभरी नाही, दीडशे.

बाराखडी

(वकील आहे, या धाग्यापुरती फी माफ.) ओसरी, मे २०२२ चा तो निकाल कोविडच्या लशीबद्दल होता. घटनेच्या अनुच्छेद २१ खाली शरीरावरचा हक्क मान्य केला, सक्ती नको म्हटलं, हे बरोबर. पण त्याच निकालात असंही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार लस न घेतलेल्यांवर वाजवी, प्रमाणात असतील असे निर्बंध घालू शकतं. अर्धाच निकाल सगळीकडे फिरतो. शिवाय मोठ्या माणसाने स्वतःच्या शरीराबद्दल ठरवणं आणि मुलाच्या शरीराबद्दल ठरवणं यात फरक आहेच.

दुसरी बाजूही सांगते. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गोवर-रुबेला मोहिमेत पालकांच्या संमतीशिवाय शाळेत लस देता येणार नाही असं म्हटलं. म्हणजे शाळेतली मुलंही आपोआप टोचली जात नाहीत.

रानजाईंच्या प्रश्नात मात्र कायद्याचं काही काम नाही. खाजगी गट आहे, कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवा.

टोचणी

माझा आयडी बघून हसू नका, ३० वर्षं नर्सिंग केलंय. 😊

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गोवराच्या साथीत, मी मुंबईच्या गोवंडीत होते. गोवर काय असतो ते तरुण डॉक्टरांनी पुस्तकातच वाचलेलं, आम्ही जुन्या बायका लांबून ओळखायचो: लाल डोळे, वाहणारं नाक, चिडकं पोर आणि कानामागून सुरू झालेलं पुरळ. तिथल्या आयांनी लस "नाकारली" नव्हती. कोविडच्या दोन वर्षांत केंद्रं बंद, नवरा गावी, खोली बदललेली, कार्ड पावसात भिजलेलं. काही घरांत नकार होता, पण एका वेळी चार बायका बसून बोलल्या की बरेचदा सुटायचा. ताप येतो आणि रोजंदारी बुडते, ही भीती सगळ्यात मोठी. त्या वेळी नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस दिला आणि साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही "शून्य डोस" दिला. मालेगाव, भिवंडीतही तेच चालू होतं.

तुमच्या गटातल्या शिकलेल्या लोकांचा मला राग येतो तो एवढ्यासाठीच. त्या बायका उन्हात दोन तास रांगेत उभ्या राहिल्या.

मातीकाम

टोचणीताई, राग कळतो, पण "शिकलेल्या लोकांचा" असं सरसकट नको. आम्हीही होमस्कूलर, ठाण्याला, आणि मुलांच्या सगळ्या लसी झाल्यात. होमस्कूलिंग म्हणजे लसविरोध हे समीकरण अमेरिकेतून आयात झालंय. आपल्याकडे लोक घरी शिकवतात ते मुलाला डिस्लेक्सिया आहे म्हणून, खेळाडू आहे म्हणून, वडिलांची सतत बदली म्हणून किंवा शाळेत मार बसला म्हणून. मग एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) परीक्षा. लशीशी याचा काय संबंध?

कॅक्टस

टेक्सासमधून. आयात झालंय म्हणालात म्हणून मूळ मालाबद्दल सांगतो.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या राज्याच्या पश्चिमेला गेन्स काउंटीत गोवर सुरू झाला. सेमिनोल नावाचं गाव, भुईमूग-कापसाचा मुलूख. तिथे मेनोनाइट या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मोठी वस्ती, घरात जुनी जर्मन बोली, मुलं बरीचशी घरी किंवा चर्चच्या छोट्या शाळांत शिकतात. त्यांच्या धर्मात लशीला मनाई नाही, पण सरकारी गोष्टींपासून लांब राहायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. काउंटीतल्या नोंदलेल्या बालवाडीच्या मुलांपैकी जवळपास १८ टक्क्यांनी लशीतून सवलत घेतली होती. यात घरी शिकणारी मुलं धरलेलीच नाहीत, कारण टेक्सासमध्ये ती कुणाच्या मोजणीत येत नाहीत. घरची शाळा इथे खाजगी शाळा समजली जाते, नोंदणी नाही, लशीची अट नाही.

ऑगस्टमध्ये साथ संपल्याचं जाहीर झालं तोवर एकट्या टेक्सासमध्ये ७६२ रुग्ण आणि दोन मुलींचे मृत्यू. एक सहा वर्षांची, एक आठ वर्षांची, दोघींना आधीचा कुठलाही आजार नाही, दोघींना लस नाही. त्याआधी अमेरिकेत गोवराने मृत्यू झाला होता तो २०१५ मध्ये. काही पालकांनी लशीऐवजी 'अ' जीवनसत्त्व आणि कॉड लिव्हर ऑइल इतकं पाजलं की यकृताचं काम बिघडून मुलं दवाखान्यात आली. साथ न्यू मेक्सिको, ओक्लाहोमात गेली, आणि सीमेपलीकडे मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या मेनोनाइट नातेवाइकांकडे गेली तिथे तर आकडे हजारांत पोचले.

कॅलिफोर्नियाची गंमत वेगळीच. डिस्नेलँडच्या साथीनंतर २०१५ मध्ये त्यांनी वैयक्तिक श्रद्धेची सवलत काढून टाकली. मात्र घरी शिकणाऱ्यांना अट लागू नाही. न्यूयॉर्कनेही २०१९ मध्ये धार्मिक सवलत रद्द केली, तिथेही घरी शिकणारे बाहेर. म्हणजे ज्याला लस नको त्याला कायद्यानेच होमस्कूलिंगचा दरवाजा दाखवला. मग एकत्र जमणारे गट कुणाचे होणार? मुलांना घरी शिकवायचं म्हणून लस सोडणारे कमी आणि लस टाळायची म्हणून घरी शिकवणारे जास्त, असं नंतर नंतर इथल्या गटांत दिसायला लागलं. आम्ही त्यातल्या एका गटात होतो, सोडला. वाईट वाटलं, मुलाला बुद्धिबळाचा एकमेव जोडीदार तिथेच होता.

बर्लिनची_चिमणी

आमच्याकडे जर्मनीत हा धागाच निघणार नाही. होमस्कूलिंगला परवानगीच नाही आणि मार्च २०२० पासून शाळा-पाळणाघरात गोवराची लस सक्तीची. नाही दिली तर २,५०० युरोपर्यंत दंड.

तिरकस

म्हणजे ओसरींनी जर्मनीला जाऊ नये. नोंद घेतली.

टेम्सकाठी

इंग्लंडात लस ऐच्छिक आणि घरी शिकवणंही कायदेशीर, त्यामुळे सगळं सौम्यपणे चालतं. पण खडू_फळा म्हणतात ते इथेही आहे. किशोरवयातल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) आणि तीन-एकत्र बूस्टरसारख्या लसी शाळेतच देतात. घरी शिकणाऱ्यांसाठी वेगळी दवाखान्यातली सोय असते, मात्र ती मागून घ्यावी लागते. माझ्या मैत्रिणीला हे कळलं तेव्हा मुलगी सोळाची होती.

पानसुपारी

माझं वय ७४. आमच्या लहानपणी लशीवर चर्चा नसायची, देवी काढायला माणूस यायचा आणि आम्ही माळ्यावर लपायचो. दंडावरचे दोन मोठे वण अजून आहेत, नात त्यांना "आजीची बटणं" म्हणते. गोवराला लस नव्हती. घरात गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा, फोडणी बंद, आणि "उमटू दे, उमटला की बरं" म्हणायचे. "प्रत्येकाला येऊनच जातो" हेही म्हणायचे. येऊन जायचा हे खरं. आमच्या वाड्यातल्या एका घरी येऊन गेला तो मूल घेऊन गेला, त्यांच्याकडे पुढे कुणी तो शब्दही काढत नसे. आणि ज्याला तुम्ही पोलिओ म्हणता त्या पोराला आम्ही "वारं गेलेला" म्हणायचो. पायाला लोखंडी पट्ट्या लावून तो आमच्याबरोबर लगोरी खेळायचा, फक्त पळायचं दुसऱ्याने त्याच्या वतीने.

आता तुम्ही टंकत बसा, माझा चहा उकळतोय.

भातुकली

आजी __/\__

सुंठ_साखर

आयुर्वेद वैद्य आहे. विषय निघेलच, त्याआधी सांगून टाकते. पुष्य नक्षत्राला आमच्याकडे सुवर्णप्राशनासाठी रांग लागते आणि दर वेळी एखादी आई विचारते, "हे चालू आहे, मग लस नाही दिली तर चालेल ना?" नाही चालणार. सुवर्णप्राशन आमच्या संहितांत आहे, मी देतेही, पण गोवर किंवा घटसर्पाविरुद्ध ते काम करतं असं मी कधी म्हणणार नाही. माझ्या दोन्ही मुलांना सगळ्या लसी झाल्यात. काही सहकारी पत्रकात "नैसर्गिक लस" छापतात त्याची मला लाज वाटते.

ओसरी

इथल्या भाषेला धन्यवाद, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरी आहे.

पानसुपारी, तुमचं वाचून थांबलो. टोचणी, तुमचा राग मान्य. पण माझ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. चुका झाल्या होत्या की नाही?

बालदवाखाना

उशिरा आलो, ओपीडी होती. बालरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावात.

ओसरी, चुका झाल्या होत्या. कटरची घटना खरी, दीड-दोनशे जण कायमचे पांगळे झाले, दहा दगावले. त्यानंतरच अमेरिकेत लशीच्या उत्पादनावरची सरकारी तपासणी कडक झाली. रोटाची ती लस बाजारात आल्यावर वर्षभरात धोका लक्षात येऊन बंद झाली. आज आपण देतो त्या रोटाच्या लसी वेगळ्या आहेत. जपानमध्ये अडचण गालगुंडाच्या विषाणूच्या एका विशिष्ट वाणाची होती, दुसऱ्या वाणांची एमएमआर बाकी जगात चालू राहिली. आपल्या सरकारी गोवर-रुबेला लशीत गालगुंडाचा भाग मुळात नाहीच. तुमच्या यादीत मीच भर घालतो: तोंडाने देण्याच्या पोलिओ लशीतल्या टाइप २ विषाणूमुळे क्वचित पोलिओ व्हायचा, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये तो भाग काढला आणि सुईचा डोस जोडला. हे सगळं आम्हाला शिकवलं जातं. तुम्हाला घड्याळाकडे बघून उत्तर मिळालं याचं वाईट वाटतं, पण त्या डॉक्टरांच्या वागण्यावरून गोवराची लस वाईट ठरत नाही.

माझा तुम्हाला उलट प्रश्न: "लस" असा एकच निर्णय का घेता? धनुर्वाताचंच घ्या. तो माणसाकडून माणसाला होत नाही, त्याचे जंतू मातीत असतात. बाकी सगळ्यांनी लस घेतली म्हणून तुमची मुलं वाचणार नाहीत. तुम्ही नाशिकजवळ राहता, मुलं अनवाणी शेतात जात असतील. इथे समूहाचं संरक्षण वगैरे काही नाही, फक्त तुमचं पोर आणि गंजका पत्रा.

आता रानजाई, तुमच्यासाठी.

१. थोरल्याचे गोवराचे दोन्ही डोस झाले असतील तर तो तुमच्या बाळाकडे गोवर घेऊन येण्याची शक्यता फार कमी. दोन डोसनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळतं. कपड्यांवरून, खेळण्यांवरून घरी येईल ही भीती सोडा. धोका आहे तो बाळ स्वतः त्याच बंद खोलीत असण्याचा, कारण रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. आणि पुरळ येण्याआधी चार दिवस मूल संसर्ग देत असतं, त्यामुळे "आजारी दिसला तर दूर राहू" हे पुरत नाही. टेकडी चालेल. पावसाळ्यात कुणाच्या बंद हॉलमध्ये बाळाला नेऊ नका.

२. डांग्या खोकल्याचं मात्र उलट. त्या लशीचा असर काही वर्षांनी उतरतो आणि मोठं मूल नुसतं खोकत बाळाला देऊ शकतं. बाळाचे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस झालेत ना? मग बरंच निभावलं. थोरल्याचा पाच वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर झालाय का, ते आजच कार्ड काढून बघा. सात पूर्ण झाली असतील तर डीपीटी देत नाहीत, टीडॅप (त्याचंच मोठ्या वयाचं रूप) किंवा टीडी देतात.

३. जवळपास साथ आली तर सहा महिन्यांनंतर जादा डोस देता येतो. तो धरायचा नाही, नेहमीचे दोन पुन्हा द्यायचेच.

गटाचं काय करायचं ते मी सांगणार नाही, तो माझा विषय नव्हे.

मातीकाम

डॉक्टर, हे वाचून आमच्या गटात विचारलं. लशींच्या बाजूची आठ घरं. त्यातल्या पाच घरांत पाच वर्षांचा बूस्टर राहिलाय! सगळ्यांचं दीड वर्षापर्यंत चोख, त्यानंतर कार्ड कपाटात. शाळेत असतो तर वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी "झालं का गं" विचारलं असतं. आता सगळे मिळून एकाच दिवशी जाणार आहोत. मुलं त्याला सहल म्हणतायत, त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.

तिरकस

मातीकामच्या गटातली मुलं मोठी होऊन "माझं हरवलेलं बालपण" असा धागा काढणार इथे.

बोरूबहाद्दर

थोडं अवांतर. हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली देवीची पहिली लस टोचली गेली. १८९७ साली हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्यात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पंजाबात मुलकोवाल इथे १९०२ मध्ये त्याच्या लशीनंतर १९ माणसं धनुर्वाताने दगावली, त्याच्यावर ठपका आला, पुढे तो निर्दोष ठरला. आज परळची संस्था त्याच्याच नावाने आहे.

होमस्कूलर मंडळींना नई तालीम आणि गांधीजी प्रिय असतात म्हणून हेही सांगतो: गांधीजींनी देवीच्या लशीविरुद्ध लिहिलं होतं. १९३० मध्ये, दांडीयात्रेच्या सुमारास, साबरमती आश्रमात देवी आल्या आणि मुलं दगावली. त्यांनी ते दुःख लपवलं नाही, मतही बदललं नाही. मी गांधींना मानतो, आणि हा भाग मला अजून पचलेला नाही.

ओसरी

बोरूबहाद्दर, हे माहीत नव्हतं. वाचतो.

डॉक्टर, एकेक लस वेगळी धरून विचार करा, असं याआधी मला कुणी म्हणालं नव्हतं. धनुर्वाताचं घरी बोललो, बायको लगेच तयार, ती म्हणे आधीपासूनच होती. गोवराबाबत माझं मत तेच आहे, उगाच इथे "पटलं" लिहून टाळ्या घेणार नाही. मात्र एक करतो. आमच्या इथल्या गटात आम्ही काय दिलंय, काय नाही, हे सगळ्यांना सांगून टाकतो, म्हणजे लहान बाळ असलेल्यांना ठरवता येईल. आजवर कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं.

टोचणी

एवढं केलंत तरी पुष्कळ. सहा वर्षांच्याचं धनुर्वाताचं घ्यायला जाल तेव्हा तिथल्या सिस्टरशी बोला. डॉक्टरांपेक्षा आमच्याकडे वेळ जास्त असतो, असं नाही, पण आम्ही घड्याळ घातलं तरी बघत नाही.

भातुकली

मला अजूनही पटत नाही. "गोवराबाबत मत तेच" म्हणजे माझ्या बाळाचं काय? जिची केमो चालू आहे त्या मुलीला तर लस घेताच येत नाही, तिचं काय? सांगून टाकलं की जबाबदारी संपली का? गोवराला रोखायला समाजात ९५ टक्के लोकांना लस लागते. दहा घरांचा गट धरला, तर दोन घरं म्हणजेच २० टक्के झाली. गोडीगुलाबीने लिहितायत म्हणून सगळे विरघळले इथे.

बाराखडी

भातुकलीला अनुमोदन. सभ्यता आणि सहमती वेगळ्या.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. मध्ये गायब होते, बाळाला सर्दी (साधीच).

काय केलं ते सांगते. थोरल्याचं कार्ड काढलं, बूस्टर झालेला आहे, आशाताईंची कृपा. गटात कार्डं मागितली नाहीत. आमच्या घरी लहान बाळ आहे, नऊ महिन्यांची होईपर्यंत बंद जागेतल्या जमण्याला आम्ही येणार नाही, उघड्यावर थोरला येईल, आणि ताप-पुरळ-खोकला असेल त्याने न येता ग्रुपवर लिहावं, एवढं सांगितलं. एका घराला वाईट वाटलं, त्यांचा मेसेज आला की "आमच्या मुलांना तुम्ही रोगी समजता". मी फोन केला, तासभर बोललो, ते येणार नाहीत असं दिसतंय. त्यांच्या मुलीची आणि माझ्या मुलाची गट्टी आहे, त्यामुळे घरात सध्या माझ्याशी कुणी बोलत नाही. दुसऱ्या घराने विचारलं की आता आठव्या वर्षी सुरुवात केली तर चालते का. बालदवाखाना, चालते का?

नवऱ्याचं म्हणणं, "केलास ना शेवटी नियम." केला.

बालदवाखाना

चालते. सगळं पहिल्यापासून द्यावं लागेल म्हणून घाबरायचं कारण नाही, वयाप्रमाणे कमी लसी लागतात. गोवराच्या लशीचे दोन डोस महिन्याच्या अंतराने, टीडॅप-टीडी, कावीळ ब, हे मुख्य. सरकारी केंद्रात काही लशींना वयाची मर्यादा आहे, तेव्हा थोडं खाजगीतून घ्यावं लागेल. मुलाला घेऊन जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे जायला सांगा, आणि घड्याळाकडे बघणारा निघाला तर दुसरा शोधा.

मूकवाचक

इतके दिवस फक्त वाचतोय. आम्ही अमेरिकेतून परत आलोय, मुलगा चार वर्षांचा, पुण्यात होमस्कूलिंगचाच विचार चाललाय. त्याच्या कार्डावर बीसीजी कुठेच नाही. तिकडे विसरले का?

कॅक्टस

विसरले नाहीत, इथे बीसीजी सरसकट देतच नाहीत.

बालदवाखाना

बरोबर. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात वर्षापर्यंतच देतात, पण आमची बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच वर्षांपर्यंत राहिलेली द्यावी म्हणते. वाढदिवसाची वाट बघू नका. परत आलेल्यांच्या कार्डांवर वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

तिरकस

नवीन धाग्यावर रुमाल.

पानसुपारी

माझ्या वणांचा फोटो त्या धाग्यावर टाकते. नातीने काढून दिलाय.